नेल्सनचे जुने छापचित्र: वय चित्राचे, पत्र्याचे की कागदाचे?

आपण लिहिले आहे की, घरातील एका जुन्या चौकटीत ब्रिटिश नौदलाच्या ॲडमिरल नेल्सनचे काळ्या-पांढऱ्या छटांमधील अर्धचित्र आहे. खाली डाव्या कोपऱ्यात ‘एल. एफ. ॲबट पिंक्सिट’ अशी बारीक अक्षरे आहेत, उजव्या कोपऱ्यातील नाव पुसट झाले आहे, मधोमध ‘रिअर ॲडमिरल सर होरेशिओ नेल्सन, के. बी.’ असे कोरलेले आहे आणि सर्वांत खालच्या ओळीत १७९८ हे साल दिसते. घरातील वडीलधारी मंडळी ते नेल्सनच्याच काळातले अस्सल चित्र असल्याचे सांगतात. चौकट करणाऱ्या कारागिराने कागदावर तांबूस ठिपके आल्यामुळे ते प्लायवूडवर चिकटवून वरून लॅमिनेशन करण्याचा सल्ला दिला आहे. आणि एका विक्रेत्याने हे जुने राहू द्या, याच चित्राची नवी ‘फाइन आर्ट प्रिंट’ घ्या, असे सुचवले आहे. या तिघांपैकी कोणाचे ऐकावे आणि या चित्राचे मोल काय, असे आपले प्रश्न आहेत.

कारागिराचे ऐकू नये, एवढे मी सर्वांत आधी सांगतो. बाकीच्या दोन गोष्टींचा विचार करायला हवा तेवढा वेळ आहे, पण चिकटवलेला आणि प्लास्टिकच्या थराखाली गेलेला कागद पुन्हा मोकळा करणे हे माझ्यासारख्या रोज हेच काम करणाऱ्या माणसालाही बहुधा जमत नाही. मी कागदावरील चित्रांच्या जतनाचे काम करतो आणि त्याआधी काही वर्षे तांब्याच्या पत्र्यांवरून हाताने छपाई केलेली आहे, त्यामुळे पुढे जे लिहितो आहे ते बरेचसे हाताखालून गेलेल्या कागदांवरून सुचलेले आहे. मात्र आपला कागद मी पाहिलेला नाही. भिंगाखाली पाहिल्याशिवाय कोणी निकाल देत असेल, तर तो निकाल कितीही आत्मविश्वासाने दिलेला असला तरी अंदाजच समजावा.

‘हे अस्सल आहे का?’ या एका प्रश्नात खरे तर तीन प्रश्न गुंतलेले असतात. चित्रातील प्रतिमा केव्हाची, ती ज्या पत्र्यावर कोरली गेली तो पत्रा केव्हाचा, आणि त्या पत्र्यावरून आपल्या हातातील कागद छापला गेला तो केव्हा. ही तीन वये एकच असू शकतात, किंवा त्यांच्यात शंभर-दीडशे वर्षांचे अंतरही असू शकते. आपल्या चित्राखाली लिहिलेले १७९८ हे साल फार तर दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. वडीलधाऱ्यांनी ते तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मानले आहे, आणि बहुतेक सर्व घोटाळे इथेच होतात.

प्रतिमेपासून सुरुवात करू, कारण तो भाग त्यातल्या त्यात सोपा आहे. जुलै १७९७ मध्ये टेनेरीफ बेटावरील सांता क्रूझच्या हल्ल्यात नेल्सनचा उजवा हात गेला. तो इंग्लंडला परतला आणि जखम भरून येत असताना ग्रिनिच हॉस्पिटलमध्ये, त्याचा जुना कप्तान विल्यम लॉकर तिथे लेफ्टनंट-गव्हर्नर होता त्या काळात, लेम्युएल फ्रान्सिस ॲबट या चित्रकारासमोर बसला. त्या बैठकीतून जी प्रतिमा तयार झाली तिच्या ॲबटने पुढे अनेक प्रती रंगवल्या. त्यांतील एक लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे आणि १७९९ च्या सुमाराची एक ग्रिनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियममध्ये आहे. या दुसऱ्या प्रतीत नेल्सनच्या टोपीवर तुर्की सुलतान तिसऱ्या सेलीमने नाईलच्या विजयाबद्दल पाठवलेला हिऱ्यांचा तुरा दिसतो. गंमत अशी की नेल्सन तेव्हा भूमध्य समुद्रात होता आणि इंग्लंडला परतला तो १८०० च्या अखेरीस. म्हणजे तो तुरा त्याच्या टोपीवर लावलेला ॲबटने पाहिलेला असणे शक्यच नव्हते. व्यक्तिचित्र म्हणजे समोर बसलेल्या माणसाची हुबेहूब नक्कल, या आपल्या समजुतीला इथे पहिला धक्का बसतो. चेहरा एकाच बैठकीतला, पण अंगावरचा पोशाख मात्र बातम्या येत गेल्या तसा बदलत गेलेला.

नेमकी हीच गोष्ट कालनिर्णयासाठी उपयोगी पडते. नेल्सन फेब्रुवारी १७९७ मध्ये रिअर ॲडमिरल झाला आणि त्याच वर्षी त्याला ऑर्डर ऑफ द बाथ हा किताब मिळाला. आपल्या चित्राखालील ‘सर’ आणि ‘के. बी.’ ही अक्षरे त्याचीच आहेत. ऑगस्ट १७९८ मध्ये नाईलची लढाई झाली आणि नोव्हेंबरात तो बॅरन, म्हणजे ‘लॉर्ड नेल्सन’ झाला. १८०१ मध्ये तो व्हाइस ॲडमिरल झाला आणि कोपनहेगनच्या लढाईनंतर बॅरनहून वरचा, व्हायकाउंट. तेव्हा ज्या पत्र्यावर केवळ ‘रिअर ॲडमिरल सर होरेशिओ नेल्सन, के. बी.’ एवढेच कोरलेले आहे, तो पत्रा १७९७ आणि १७९८ या दोन वर्षांच्या अरुंद फटीत बसतो. लॉर्ड झालेल्या माणसाला नुसते ‘सर’ म्हणून विकायला कोणताही प्रकाशक धजावला नसता. आपल्या चित्रातील मजकूर आणि साल परस्परांशी जुळतात, ही चांगली गोष्ट आहे.

चित्रातील मानचिन्हेही अशीच पडताळून पाहावीत. छातीवर एकच तारा असेल तर तो ऑर्डर ऑफ द बाथचा. चंद्रकोर असलेला तुर्की तारा दिसला तर ती प्रतिमा १७९९ नंतरची, कारण तो सन्मान त्या वर्षी सुरू झाला. केप सेंट व्हिन्सेंटच्या, म्हणजे फेब्रुवारी १७९७ च्या लढाईचे सुवर्णपदक गळ्यात असेल तर ते आपल्या मजकुराशी सुसंगत आहे. नाईलचे पदकही असेल तर मजकूर आणि प्रतिमा यांचे काहीतरी बिनसले आहे, असे समजून पुढे जावे. आणि एखाद्या छापचित्रात नेल्सनच्या डोळ्यावर काळी पट्टी दिसली, तर ते पुष्कळ नंतरचे कल्पनाचित्र आहे हे डोळे झाकून सांगता येते. १७९४ मध्ये कॉर्सिकातील काल्वी येथे त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली हे खरे, पण तो पट्टी बांधत नसे आणि हयातीतील चित्रांत ती नाही.

आणखी एक साधी परीक्षा आहे. पत्र्यावर कोरलेली आकृती कागदावर उलटी उमटते, म्हणून चांगला कोरक्या आरसा समोर ठेवून उलटेच कोरतो. घाईने, दुसऱ्याच्या छापचित्रावरून चोरून केलेल्या नकलेत हा त्रास घेतलेला नसे आणि चित्र उलटे होई. इतर कोणा दर्यासारंगाच्या बाबतीत हे पटकन लक्षात येत नाही, पण नेल्सनच्या रिकाम्या बाहीवरून ही चूक लगेच उघड होते. ती आपल्याला पाहताना चित्राच्या डाव्या बाजूला दिसली पाहिजे आणि छातीवरचा तारा उजव्या बाजूला. हे उलटे असेल, तर आपल्याकडे नकलेची नक्कल आहे.

आता खालच्या ओळींकडे वळू. ‘पिंक्सिट’ म्हणजे रंगवले, आणि उजव्या कोपऱ्यातील पुसट नावापुढे बहुधा ‘स्कल्पसिट’ किंवा त्याचा संक्षेप असेल, म्हणजे कोरले. हे दुसरे नाव वाचण्याचा प्रयत्न अवश्य करावा, कारण आपल्या हातात असलेली कलाकृती ॲबटची नसून त्या माणसाची आहे. नेहमीच्या उजेडात ते दिसत नसेल तर खोलीत अंधार करून टॉर्च कागदाच्या पातळीत, अगदी आडवा धरावा. शाई विरलेली असली तरी पत्र्याच्या दाबाने उठलेल्या अक्षरांची सावली पडते. सर्वांत खालची ओळ प्रकाशकाची. १७३५ च्या ब्रिटिश कायद्याने कोरीव चित्रांना नकलेपासून संरक्षण दिले, आणि त्यासाठी पत्र्यावर मालकाचे नाव व प्रकाशनाची तारीख कोरणे आवश्यक ठरले. म्हणून त्या काळातील इंग्रजी छापचित्रांवर दिवस, महिना, वर्ष आणि लंडनमधील दुकानाचा पत्ता असा अगदी नेमका तपशील सापडतो. पुढच्या पिढ्यांची मोठीच सोय झाली, पण हा तपशील पत्र्याच्या जन्माचा आहे, हे विसरू नये. तांब्याचा पत्रा ही विकाऊ मालमत्ता होती. एका दुकानातून दुसऱ्या दुकानात तो जाई, नवा मालक जुना पत्ता खरवडून आपला घाली, नेल्सनला नवी पदवी मिळाली की शीर्षक बदलले जाई, आणि ट्रॅफल्गरच्या लढाईत २१ ऑक्टोबर १८०५ रोजी तो मारला गेल्यावर जुन्या पत्र्यांना साहजिकच पुन्हा मागणी आली. अशा प्रत्येक फेरबदलानंतरच्या छापांना आमच्या कामात पत्र्याची पुढची ‘अवस्था’ म्हणतात. खरवडलेल्या जागी तांबे किंचित खोल जाते आणि छापताना तिथे राखाडी डाग उमटतो. अक्षरांभोवती असा अस्पष्ट ढग दिसला तर तेथे आधी काही वेगळे लिहिलेले होते.

इथवरचे सारे काम काचेच्या बाहेरून होते. खरा निर्णय मात्र भिंगाखाली होतो. दहापट मोठे दाखवणारे भिंग पुरेसे आहे, तीसपटीचे असेल तर उत्तम.

अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये व्यक्तिचित्रांसाठी तीन रीती प्रामुख्याने वापरात होत्या: अणकुचीदार हत्याराने रेघा कोरणे, बारीक टिंबांनी छटा उभी करणे, आणि मेझोटिंट. तिसऱ्या रीतीत इंग्लंडने इतके प्रावीण्य मिळवले होते की युरोपात तिला ‘इंग्रजी पद्धत’ म्हणत. तिच्यात सुरुवात अंधारापासून होते. दातेरी कडेचे एक अर्धगोल हत्यार पत्र्यावर सगळ्या दिशांनी झुलवत नेतात, त्यामुळे संपूर्ण पृष्ठभागावर तांब्याचा सूक्ष्म खरखरीत काटा उभा राहतो. असा पत्रा तसाच छापला तर कागद मखमलीसारखा गर्द काळा होतो. मग कोरक्या जिथे उजेड हवा तिथे तो काटा खरवडतो आणि घासून गुळगुळीत करतो. कपाळ, नाक, गळपट्टी, सोनेरी झालर अशी एकेक वस्तू काळोखातून वर येते. नौदलाच्या गडद निळ्या कोटासाठी याहून योग्य रीत सापडणार नाही, असे माझे वैयक्तिक मत आहे.

भिंगाखाली मेझोटिंटमध्ये मध्यम छटांच्या जागी एकमेकांना छेदणाऱ्या बारीक टिंबांच्या रांगा दिसतात, विणलेल्या कापडाच्या पोतासारख्या, पण पूर्ण नियमित नव्हेत. टिंबांच्या रीतीत चेहऱ्यावर सुटी सुटी टिंबे दिसतात आणि कोटावर ती दाट होतात. रेघांच्या कोरीवकामात रेघ मध्ये जाड आणि टोकाला सुईसारखी निमुळती होते. तिन्हींत समान गोष्ट म्हणजे शाई पत्र्याच्या खाचेतून वर ओढली गेलेली असते. आडव्या उजेडात गडद भागांतली शाई कागदाच्या वर किंचित उठलेली दिसते, आणि चित्राच्या चारी बाजूंना पत्र्याच्या कडेने दाबलेली चौकोनी खूण असते.

ही चौकोनी खूण पाहूनच बरेच लोक समाधान मानतात. मीही मानले होते. कामाला सुरुवात केल्यावर थोड्याच दिवसांत माझ्याकडे नेल्सनचेच एक चित्र आले, पत्र्याची खूण स्पष्ट होती, काळे रंग गर्द होते, आणि मी ते जुने मेझोटिंट असल्याचे मालकाला लेखी सांगून बसलो. नंतर माझ्या गुरूंनी भिंग माझ्या हातात दिले आणि कपाळावर पाहायला सांगितले. तिथे जाळीसारख्या बारीक भेगा होत्या. त्या कोरक्याच्या नव्हत्या, तैलचित्रावरील रंगाला वयोमानाने पडलेल्या भेगा होत्या. कोणताही कोरक्या चेहरा कोरताना मूळ चित्रातील भेगा कोरत बसत नाही. कॅमेरा मात्र त्या निमूटपणे टिपतो. माझ्यासमोर होते ते फोटोग्रॅव्ह्युअर, म्हणजे तैलचित्राचे छायाचित्र रासायनिक रीतीने तांब्यावर उतरवून, तांब्याच्या पत्र्यावरूनच दाबून छापलेले चित्र. ही रीत १८७० च्या दशकाच्या अखेरीस व्हिएन्नात कारेल क्लीचने पूर्णत्वाला नेली आणि पुढची चार-पाच दशके तैलचित्रांच्या उत्तम प्रतिकृतींसाठी तीच वापरली गेली. ट्रॅफल्गरची शताब्दी १९०५ मध्ये आली, ती याच काळात. पत्रा खरा, दाब खरा, शाईचा उठाव खरा, म्हणून पत्र्याची खूणही खरी. मालकाला मी दुसरे पत्र लिहिले. तेव्हापासून पहिले पत्र लिहायला मी जरा उशीरच करतो.

फोटोग्रॅव्ह्युअरमध्ये भिंगाखाली रेघा किंवा हत्याराच्या रांगा नसतात. राळेच्या भुकटीतून आलेले अतिशय बारीक, अनियमित कण सर्वत्र सारखे पसरलेले दिसतात. छायाचित्र तैलचित्राचे नसून जुन्या छापचित्राचे असेल, तर मूळ रेघा दिसतात, पण त्यांच्या कडा या कणांनी कुरतडल्यासारख्या तुटक असतात. आपल्या बाबतीत ही शक्यता मुद्दाम तपासायला हवी, कारण जुन्या छापचित्राची अशी प्रतिकृती केली की खालचा मजकूर आणि १७९८ हे सालही जसेच्या तसे तिच्यात उतरते.

याहून नंतरच्या रीती ओळखणे सोपे आहे. टिंबे नियमित जाळीत, वहीतल्या चौकटींसारखी रांगेने बसलेली असतील तर ते १८८० च्या दशकानंतरचे हाफटोन मुद्रण. रंगीत चित्रात निळी, किरमिजी, पिवळी आणि काळी टिंबे फुलांच्या पाकळ्यांसारख्या वर्तुळांत दिसली तर ते ऑफसेट. जाळी नसून फवाऱ्याने उडवल्यासारखे रंगाचे सूक्ष्म थेंब दिसले तर ते अलीकडचे इंकजेट. अशा सपाट छपाईच्या कागदांवरही दिखाव्यासाठी वेगळा दाब देऊन पत्र्याची खोटी खूण उमटवलेली मी पाहिली आहे. तिथे शाईला उठाव नसतो, म्हणून खूण आणि उठाव या दोन्ही गोष्टी एकत्र पाहाव्यात.

आपल्या चित्रात रंग नाही असे आपण लिहिले आहे, तेव्हा हाताने भरलेल्या रंगांची चर्चा मी सोडून देतो.

भिंगाने पत्र्याची रीत अठराव्या शतकातली ठरली, तरी कागद कधीचा हे उरतेच, आणि त्यासाठी चित्र चौकटीतून बाहेर काढावे लागेल. ते कसे काढावे हे पुढे सांगतो. बाहेर आल्यावर कागद खिडकीसमोर धरावा. जुन्या हातकागदात एकतर साच्यातील तारांच्या समांतर रेषा दिसतात, नाहीतर विणीच्या जाळीवर केलेल्या कागदाची सलग, निरभ्र पोत दिसते. ही दुसरी जात इंग्लंडमध्ये १७५० च्या दशकात जेम्स व्हॉटमनच्या कारखान्यातून आली आणि १७९० पर्यंत छापचित्रांसाठी चांगलीच रुळली होती, म्हणून रेषा दिसल्या नाहीत तर निराश होण्याचे कारण नाही. जलचिन्ह दिसले तर फार उत्तम. १७९४ च्या एका ब्रिटिश कायद्यामुळे कागद कारखानदार जलचिन्हात सालही घालू लागले. त्या सालाचा अर्थ एकाच बाजूने घ्यायचा असतो: जलचिन्हात १८१२ असेल तर कागद त्याआधी छापलेला असू शकत नाही, मग पत्र्यावर १७९८ का असेना, पण जलचिन्हात १७९६ असेल तर छपाई त्याच सुमारास झाली असे मात्र सिद्ध होत नाही, कारण कोरा कागद वर्षानुवर्षे पडून राहू शकतो. जलचिन्ह नसेल तर अतिनील प्रकाशाची छोटी टॉर्च अंधारात मारून पाहावी. कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात उजळपणासाठीची आधुनिक रसायने आहेत, आणि ती कागदात येऊ लागली दुसऱ्या महायुद्धानंतर. चिंध्यांपासून केलेला जुना कागद मंद, पिवळट आणि निस्तेज दिसतो. फक्त कडेची एखादी पट्टीच चमकत असेल तर ती नंतर केलेली दुरुस्ती समजावी.

मोलाविषयी आपण विचारले आहे. आकडा मी सांगणार नाही, पण तो कशावर ठरतो ते सांगतो. मेझोटिंटचा काटा नाजूक असतो. तांब्याच्या पत्र्यावरून पहिल्या काही डझन छापांमध्ये जो मखमली काळा रंग मिळतो, तो पुढे प्रत्येक छापागणिक झिजत जातो; शेकड्याच्या पुढे कोट राखाडी होतो, बाहीच्या घड्या विरतात, चेहऱ्याची गोलाई सपाट होते. १८२० च्या दशकात पोलादी पत्रे आल्यावर छापांची संख्या वाढली, पण तोवरच्या पत्र्यांचे नशीब हेच होते. म्हणून एकाच पत्र्याचे दोन कागद, दोन्ही जुने, दोन्ही खरे, आणि तरी एकाचे मोल दुसऱ्याच्या अनेक पट असते. आपल्या चित्रात रिकाम्या बाहीच्या घड्या कोटाच्या काळ्या रंगात वेगळ्या ओळखू येतात का, हे पाहावे. माझी नजर सर्वांत आधी तिथे जाते. त्यानंतर मोकळी किनार. पत्र्याच्या खुणेबाहेर कागद शिल्लक आहे, की कोणीतरी चौकटीत बसवण्यासाठी तो खुणेच्या आतून कापला आहे? कापलेला असेल तर मोल बरेच उतरते. नेल्सन प्रसिद्ध आहे ही गोष्ट मात्र इथे उलटी लागू पडते: त्याची छापचित्रे इतक्या प्रमाणात निघाली की केवळ विषयामुळे एखादा कागद दुर्मीळ ठरत नाही.

विक्रेत्याच्या नव्या ‘फाइन आर्ट प्रिंट’विषयी माझ्या मनात आकस नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ‘जिक्ले’ या फ्रेंच वळणाच्या नावाने विकली जाणारी ही छपाई म्हणजे उत्तम प्रतीचे इंकजेट होय. शाई रंगद्रव्याची असेल आणि कागद आम्लरहित सुती असेल तर ती दीर्घकाळ टिकते, आणि मोठ्या संग्रहालयांनी स्वतःच्या तैलचित्राच्या छायाचित्रावरून काढलेली प्रत रंगाच्या बाबतीत कोणत्याही जुन्या कोरीवकामापेक्षा मूळ चित्राच्या जवळ जाते. ॲबटने रंगवलेला नेल्सनचा चेहरा पाहायचा असेल तर ती खुशाल घ्यावी. परंतु तिच्यावरील क्रमांक आणि सही यांचा अर्थ समजून घ्यावा: सही ॲबटची असणे अशक्य आहे आणि ‘इतक्यांपैकी इतकावी प्रत’ ही मर्यादा प्रकाशकाने स्वतःवर घालून घेतलेली असते, पत्रा झिजल्यामुळे आलेली नसते. जुना कागद आणि नवी प्रत या दोन वेगळ्या वस्तू आहेत. एक घेतली म्हणून दुसरी टाकायचे कारण नाही.

आता आपल्या हातातील कागदाचे काय करावे, याकडे येतो. हे काम तो १७९८ चा असो वा १९०५ चा, सारखेच करायचे आहे, म्हणून वरची तपासणी पूर्ण होण्याची वाट पाहू नये. टेबलावर स्वच्छ कापड पसरून चौकट पालथी ठेवावी आणि मागचे खिळे बाहेर न ओढता बाजूला वाकवावेत. जुन्या चौकटींत मागे साध्या लाकडाच्या फळ्या असतात. त्यांतील आम्ल कागदात उतरते आणि फळ्यांच्या फटींबरहुकूम तपकिरी पट्टे उमटतात. मागचे लाकूड काढल्यावर कागद उचलण्यापूर्वी तो काचेला चिकटलेला नाही ना, हे एका कोपऱ्यापासून अगदी हळू तपासावे. जराही ओढ लागली तर तिथेच थांबावे, काचेसकट तसाच सपाट ठेवावा आणि संवर्धकाकडे न्यावा. वाफ देणे, केसांचा ड्रायर लावणे, मागून पाणी शिंपडणे हे सर्व उपाय मी इतरांच्या हातून झालेल्या नुकसानीच्या रूपाने पाहिले आहेत. जुन्या लाकडाच्या मागे चिकटवलेली एखादी चिठ्ठी, दुकानाचे लेबल किंवा पेन्सिलचा मजकूर असेल तर त्याचे छायाचित्र काढून ती चिठ्ठी जपून ठेवावी. चित्र कोणाच्या हातातून आले याचा तोच कधीकधी एकमेव पुरावा असतो.

तांबूस ठिपके हे बुरशी आणि कागदातील लोहाचे सूक्ष्म कण यांमुळे, दमट हवेत वाढतात. ते दिसायला वाईट असले तरी कागद लगेच फाटणार आहे असा त्यांचा अर्थ नाही. घरी ब्लीच लावून ते घालवू नयेत, कारण ठिपका जातो आणि त्या जागी कमकुवत झालेला कागद राहतो. ते काढायचे की नाही, हे धुण्याची सोय आणि अनुभव असलेल्या माणसाने कागद पाहून ठरवावे. पुष्कळदा मी ते तसेच ठेवण्याचा सल्ला देतो. आपण एवढेच करावे की दमटपणा थांबवावा.

कारागिराला चिकटवण्याऐवजी दुसरे काम सांगावे. चित्रामागे आणि पुढे शंभर टक्के सुती, आम्लरहित माउंट बोर्ड, म्हणजे जाड पुठ्ठा असावा. पुढच्या बोर्डाला खिडकी कापावी आणि ती पत्र्याच्या खुणेच्या बाहेर, म्हणजे खूण व खालचा सर्व मजकूर दिसेल अशी असावी. कागद मागच्या बोर्डाला फक्त वरच्या कडेला, जपानी कागदाच्या दोन छोट्या बिजागऱ्यांनी टांगावा आणि त्यासाठी गव्हाच्या स्टार्चची शिजवलेली खळ वापरावी. अशी खळ थोड्या ओलाव्याने केव्हाही सुटते, आणि कागदाला हवेप्रमाणे फुगायला व आकसायला मोकळीक राहते. चिकटपट्टी, अगदी ‘आम्लरहित’ असे लिहिलेलीसुद्धा, लावू देऊ नये. चित्र आणि काच यांच्यामध्ये माउंटच्या जाडीएवढे, निदान दोन-तीन मिलिमीटरचे अंतर असावे. काच अतिनील किरण अडवणारी मिळाली तर चांगले.

प्रकाशाबाबत एक बारकावा सांगतो. छापचित्राची काळी शाई कार्बनची असल्यामुळे ती सहसा उडत नाही, म्हणून लोकांना वाटते की काळ्या-पांढऱ्या चित्राला उन्हाची भीती नाही. शाई टिकते, पण खालचा कागद पिवळा आणि ठिसूळ होत जातो, आणि माउंटखाली झाकलेला भाग व उघडा भाग यांच्यात कायमची सीमारेषा पडते. संग्रहालयांत कागदावरील कामासाठी साधारण ५० लक्स एवढाच मंद उजेड ठेवतात आणि काही महिन्यांनी चित्र विश्रांतीसाठी पेटीत जाते. घरात एवढे काटेकोर राहणे कठीण आहे, पण थेट ऊन येणारी भिंत, बाहेरून ओल येणारी भिंत आणि स्वयंपाकघराला लागून असलेली भिंत या तीन जागा टाळता येतात. हवेतील आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास आणि शक्यतो स्थिर राहिली तर ठिपके वाढत नाहीत. चौकटीच्या मागील खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे छोटे तुकडे लावले की भिंत आणि चित्र यांच्यात हवा खेळती राहते.

चित्र बाहेर काढल्यावर चार छायाचित्रे काढून येथे टाकावीत: संपूर्ण कागद किनारीसह, खालचा सर्व मजकूर आडव्या उजेडात, कपाळ व रिकामी बाही भिंगातून, आणि खिडकीसमोर धरलेला कागद. उजव्या कोपऱ्यातील नाव वाचता आले नाही तरी चालेल. बाहीचे छायाचित्र स्पष्ट असेल तर पत्रा कोणत्या रीतीचा आणि किती झिजलेला, हे बहुधा त्यावरूनच सांगता येईल.